पस्तीस मिलिमीटर

आमच्या संकेश्वरात उंचीला मान आहे. उसाची ट्रॉली भरायची ती इतकी, की मागून येणाऱ्याला पुढचा ट्रॅक्टर नुसता ऐकू यावा. मंडळांचे गणपती दरवर्षी वीतभर वाढतात. नवं घर बांधणारा जोतं शेजाऱ्याच्या जोत्यापेक्षा दोन फरशा वर घेतो आणि विचारलं तर हिरण्यकेशीच्या पुराकडे बोट दाखवतो, मग घर नदीपासून कितीही लांब का असेना. अशा गावात माझ्या भाच्यानं स्वतःच्या खिशातले पैसे मोजून गाडी ३५ मिलिमीटर खाली आणली. पेठेत दोघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, "सर, पाटा तुटला व्हय भाच्याच्या गाडीचा?"

गाडीला पाटा नाही. गाडी म्हणजे डिझेल स्विफ्ट, २०११ साली जी दुसरी पिढी आली तिच्यातली. इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं. हेच इंजिन पुंटोत होतं, टाटांच्या व्हिस्टात होतं, आणखी अर्धा डझन गाड्यांत होतं. गाडीवेडी मंडळी त्याला लाडानं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. म्हणजे इंजिन इटालियन, आराखडा जपानी, जुळणी हरियाणातली, नंबरप्लेट केएची आणि आत बसणारे भांडतात मराठीत. सीमाभागातल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि मारुतीनं डिझेल गाड्या करणं थांबवलं. त्या दिवशी भाच्याची गाडी 'जुनी' होता होता एकदम 'आता मिळत नाही' अशी झाली. मिळत नसलेल्या वस्तूवर माणूस जास्त खर्च करतो.

खर्चाचं कारण होतं 'गॅप'. टायरचा वरचा काठ आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्या मधली मोकळी जागा. मला ती गाडी घेतल्यापासून कधी दिसली नव्हती. भाच्यानं एकदा दाखवली आणि मग मात्र दिसेनाशी होईना. "मामा, चार बोटं जातात बघा आत. बघवत न्हाई." हा मुलगा निडसोशीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला. त्याला ही जागा कशासाठी ठेवलेली असते हे माझ्यापेक्षा नीट माहीत होतं, आणि तरीही बघवत नव्हतं.

ती जागा आपल्यासारख्यांसाठीच ठेवलेली असते. स्विफ्टच्या पोटाखाली कंपनीनं जमिनीपासून १७० मिलिमीटर अंतर ठेवलं, ते रिकाम्या गाडीला. आपल्याकडे रिकामी गाडी ही फक्त शोरूममध्ये असते. पाच माणसं, मांडीवरचं सहावं, डिकीत सभासदांच्या साखरेचं ५० किलोचं पोतं, वर मिरचीचं बोचकं. आमची संकेश्वरी मिरची वाळली की वजनाला काही नाही, पण बोचकं मागची काच झाकून टाकतं. हा सगळा संसार घेऊन गाडी गडहिंग्लजहून परत येताना मागून इतकी बसते, की ती चार बोटांची जागा आपोआप दोन बोटांवर येते. मी भाच्याला तसं सुचवूनही पाहिलं, की कायमचं एक पोतं डिकीत ठेव, बिनखर्चात काम होईल. तो हसला नाही.

स्प्रिंगा कुरिअरनं आल्या. लालभडक, चार, प्रत्येकीवर छापील नंबर. डिझेलच्या पुढच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात. डिझेलचं इंजिन पेट्रोलच्यापेक्षा जड, त्यामुळे पेट्रोलच्या स्प्रिंगा घातल्या तर नाक आणखी खाली जातं. पोरानं नंबर दोनदा ताडून घेतले होते. खंडेनवमी दोन दिवसांवर होती. लोखंडाची नवी वस्तू घरात आलेली बघून माझ्या बहिणीनं त्या चारही स्प्रिंगा कोयता-विळ्यांच्या शेजारी पूजेलाच मांडल्या, झेंडू वाहिला आणि दसरा होईपर्यंत हात लावू दिला नाही. कुंकू त्यांच्या लाल रंगावर उमटलं नाही एवढीच तिची तक्रार.

दसऱ्यानंतर गाडी हमरस्त्याच्या सर्व्हिस रोडवरच्या एका गॅरेजात गेली. मिस्त्री मूळचा ट्रॅक्टरचा. बोल्ट कन्नडमध्ये मोजतो, शिव्या मराठीत देतो आणि बिल सांगताना हिंदीत शिरतो. मी भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेलो, मला स्टूल देऊन तपासणीसासारखं बसवण्यात आलं.

पुढचं चाक निघालं, ब्रेकची नळी मोकळी झाली, लिंक रॉड सुटला, खालचे दोन बोल्ट आणि वरचा नट काढल्यावर अख्खा खांब हातात आला. स्प्रिंग, शॉकअप आणि चाक धरणारा आधार, तिघांना एकाच खांबात गुंफण्याची ही युक्ती अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन माणसाची. १९५० च्या सुमारास फोर्डच्या कन्सल गाडीत ती आली, आणि आज आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीच्या पुढच्या चाकामागे तोच खांब उभा आहे. स्वस्त, सुटसुटीत, कमी जागेत मावणारा. फक्त तो उघडताना जपावं लागतं. दाबून बसवलेली स्प्रिंग वरचा नट सुटताच मोकळी होऊ बघते आणि तिच्या वाटेत जबडा, कपाळ जे येईल ते घेऊन जाते. मिस्त्रीनं दोन्ही बाजूंना आकडे लावून, स्क्रू आवळून आवळून जुनी स्प्रिंग काबूत आणली, तेव्हा बघे दोन पावलं मागं सरकले. त्या बघ्यांत चहा घेऊन आलेला मुलगाही होता आणि तो सगळ्यांत शहाणा, तो थेट रस्त्यापलीकडे गेला.

नवी स्प्रिंग घालताना मात्र आकड्यांना फारसं काम उरलं नाही. ती आखूड होती. मिस्त्रीनं तळव्यानं दाबली, वाटीत बसवली, नट धरला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, ही तर हातानंच बसली की."

यात कौतुक नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला सहज बसणाऱ्या वस्तूचा संशय येतो, आणि इथे संशयाला जागा होती. गाडी जॅकवर घेतली, चाक पूर्ण खाली लोंबलं, की तेव्हाही स्प्रिंग वरच्या-खालच्या वाट्यांत धरलेली असायला हवी. सैल झाली तर मोठ्या खड्ड्यातून वर येताना ती आपल्या जागी बसेल याचा भरवसा नाही. त्यानं चाक लोंबतं ठेवून स्प्रिंग हातानं फिरवून बघितली. फिरली नाही. "धरलीया," तो म्हणाला, "पण लई मनापासून न्हाई."

मागचं काम सोपं. तिथं स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे उभे असतात. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट त्यानं शेवटी, गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हे भाच्यानं वाचलेलं होतं, मिस्त्रीला कुणी न सांगता ठाऊक होतं, आणि दोघांनी ते एकमेकांना समजावून सांगण्यात दहा मिनिटं घालवली.

शॉकअप बदलले नाहीत. जुने चालतात, गळत नाहीत, मग उगीच खर्च कशाला, असा हिशेब. भाच्याच्या हातून एवढा काटकसरी निर्णय मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि नेमका तोच चुकीच्या जागी पडला होता.

कारण स्प्रिंग धक्का घेते आणि जसाच्या तसा परत करते. तिला साठवता येतं, पचवता येत नाही. पचवण्याचं काम शॉकअपचं. त्याच्या पोटातलं तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून रेटलं जातं, उसळीची ऊब होते आणि ती ऊब हवेत निघून जाते. आमच्या पेठेत दोन तऱ्हेची माणसं आहेत. एकाच्या कानावर काही पडलं की संध्याकाळपर्यंत ते चौपट होऊन गावभर फिरतं. दुसरा तेच ऐकतो, पान थुंकतो आणि म्हणतो, असू दे. गाव चालतं ते दुसऱ्याच्या जिवावर, पण लाल रंग कुणी त्याला देत नाही.

आता नव्या स्प्रिंगा नुसत्या आखूड नसतात. आखूड आणि तेवढ्याच मऊ असत्या तर पहिल्याच खड्ड्यात गाडी तळाला टेकली असती, म्हणून त्या कडकही करतात. समजा पाव हिश्श्यानं कडक केल्या. तर त्यांना पूर्वीइतकंच आवरायला शॉकअपचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी वाढायला हवा. वर्गमुळाचा हिशेब आहे, अकरावीतलं पोरगं करेल. जुना शॉकअप जुन्याच जोरावर उभा. शिवाय त्याच्या दांड्याला खाली जायची जी वाट होती, समजा ८ सेंटीमीटर, त्यातली साडेतीन गाडी उभ्या उभ्याच खाऊन बसली. उरली साडेचार. तिच्या टोकाला रबरी बफर. म्हणजे ज्याला जास्त काम दिलं, त्याचीच जागा जवळजवळ अर्धी केली. सरकारी शाळेत अनेक वर्षं काढल्यामुळे मला हा कारभार अनोळखी वाटला नाही.

याहून नाजूक गोष्ट एक आहे. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनिअर जनरल मोटर्समध्ये बसून गाड्या का डुचमळतात याचाच विचार करत होता. त्याच्या लक्षात आलं, की उंचवटा आधी पुढच्या चाकांना भेटतो, मग मागच्यांना. स्विफ्टच्या दोन चाकांत २४३० मिलिमीटर अंतर. ताशी ६० च्या वेगाला मागचं चाक पुढच्याच्या मागून सेकंदाच्या सातव्या हिश्श्यानं त्याच उंचवट्यावर येतं. पुढचा भाग तोवर हलायला लागलेला असतो. मागच्याची लय पुढच्यापेक्षा जरा जलद ठेवली तर तो उशिरा सुरू होऊनही पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक-शेपूट न करता सपाट वर-खाली होते. आपण मागच्या सीटवर पेंगतो तेव्हा या गृहस्थाची कृपा असते. चारही स्प्रिंगा बदलल्या की हा ताळमेळ नव्यानं जमवावा लागतो, आणि तो गॅप बघून जमत नाही.

एवढं बोलून झाल्यावर आम्ही तवंदी घाटात गेलो.

खरं ते सांगितलं पाहिजे. निपाणीच्या बाजूला चढताना ती गाडी वळणात अशी बसली, की मी हॅण्डल धरायला वर केलेला हात तसाच खाली घेतला. पूर्वी वळण आलं की आधी बॉडी बाहेरच्या अंगाला कलायची आणि मग गाडी वळायची. आता दोन्ही एकदम. १९० न्यूटन-मीटरचा तो डिझेलचा रेटा, दोन हजार फेऱ्यांच्या खाली झोपलेला आणि वर अचानक जागा होणारा, घाटात तिसऱ्या गिअरला नुसता ओढत नेत होता. हमरस्ता गुळगुळीत होता. शॉकअपवर गुळगुळीत रस्त्यात फार भार येत नाही. भाचा मधूनमधून माझ्याकडे बघत होता, परीक्षेचा निकाल बघतात तसं. मी "बरी आहे" म्हणालो. मला मनातून "परत एकदा खालपासून जाऊया" म्हणायचं होतं, पण वयाचा मान राखला.

शर्यतीत हेच करतात, हे त्याचं म्हणणंही खोटं नाही. २०१० साली फोक्सवॅगननं भारतात पोलो कप सुरू केला तो डिझेल पोलोंचाच होता. डिझेल म्हणजे फक्त ॲव्हरेज, असं समजणाऱ्या आमच्या पिढीला तेव्हा जरा धक्का बसला होता. पण शर्यतीच्या गाडीत स्प्रिंगेबरोबर शॉकअप येतात, एकमेकांसाठी जुळवलेले, आणि ट्रॅकवर ग्रामपंचायत नसते.

ग्रामपंचायतीचा उल्लेख गतिरोधकांमुळे. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटीमीटर, ताशी २५ च्या वेगानं पोटातलं पाणी न हलता ओलांडता यावा असा. अशा मापाचा गतिरोधक मी अजून बघायचा आहे. आमच्याकडचा गतिरोधक म्हणजे एखाद्या दारासमोर अपघात झाल्यावर रात्रीत घातलेला डांबराचा वरवंटा. हातभर रुंद आणि उंची घालणाऱ्याच्या रागावर अवलंबून. पूर्वी स्विफ्ट त्यावरून सरळ जायची. आता भाचा ती तिरकी घेतो. आधी एक चाक, मग दुसरं, मग थांबून श्वास, मग मागचं. मागे बुलेटवाला, त्यामागे वडाप, त्यामागे उसाची ट्रॉली, सगळे हॉर्न वाजवतायत आणि हा गाडी अलगद उतरवतोय. हमरस्त्यावर १०० ला बिनघोर पळणारी गाडी घरच्या गल्लीत पायी चालणाऱ्याच्या मागं पडते.

हंगाम सुरू झाल्यावर दुसरी गंमत. ट्रॉलीतून पडलेला ऊस रस्त्यावर असतोच. तो दोन चाकांच्या मधून बिनबोभाट जायचा. आता पोटाला खर्रर्र करत जातो आणि भाचा दर वेळी "चेंबर!" म्हणून डोळे मिटतो. चेंबर फुटलं म्हणजे इंजिनाचं तेल रस्त्यावर. शनिवारी पुढच्या नंबरप्लेटखाली बांधलेली लिंबू-मिरची पहिल्याच फेरीत झिजून नाहीशी झाली, तेव्हा बहीण गंभीर झाली. तिच्या मते मिरचीनं आपलं काम एवढ्या लवकर केलं, म्हणजे दृष्ट फारच मोठी होती. आणि दुपारी गाडीच्या सावलीत निजणारा गल्लीतला तांबडा कुत्रा आता आत मावत नाही. तो डोकं घालतो, अडकतो, बाहेर येऊन गाडीकडे बराच वेळ बघतो. आमच्या सगळ्यांच्यात या ३५ मिलिमीटरांचं अचूक मोजमाप फक्त त्यानं केलंय.

कायद्याचाही एक पदर आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याबद्दल. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं ते आणखी स्पष्ट केलं, की निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येणार नाही. मी हे भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पोलीस चाकावर बोटं घालून मोजत न्हाईत." कोगनोळीच्या नाक्यावर आजवर त्याला कागद विचारले, सीटबेल्ट विचारला, कुठं चाललास विचारलं. पट्टी घेऊन कुणी वाकलं नाही हे खरं. पण अपघात होऊन विम्याचा माणूस आला, की तो वाकतो. तेवढं मी बोलून ठेवलं.

सगळ्यांत रोखठोक शेरा भाच्याच्या आजीचा. त्यांचे गुडघे दुखतात. पूर्वी त्या गाडीत बाजूनं सरळ टेकायच्या. परवा दार उघडल्यावर सीटकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्यात चढायचं का उतरायचं, ते आधी सांग रे बाबा." शंकरलिंगाच्या देवळापर्यंतचा रस्ता नव्यानं खणलेला होता. जाऊन आल्यावर त्यांनी देवापेक्षा कमरेबद्दल जास्त सांगितलं. एका खड्ड्यात गाडी गेली, ती वर आली, आणि मग उगीचच आणखी एकदा खाली-वर झाली, असं त्या म्हणाल्या. त्या 'आणखी एकदा'त माझं वर्गमूळ पूर्ण बसत होतं. सुताराच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला ते आकडेमोडीविना कळलं.

पावसाळा संपता संपता मागच्या डाव्या शॉकअपला घाम सुटला. तेलाचा बारीक ओलावा, त्यावर धुळीचं लिंपण. मिस्त्रीनं बोट फिरवून वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि मराठीत जे म्हणाला ते छापण्यासारखं नाही. मग सभ्यपणे म्हणाला, "ह्यो दमलाय. एक तर ह्या लाल बायांना त्यांच्या तोलाचा गडी आणा, न्हाईतर जुन्या स्प्रिंगा माळ्यावरनं काढा." जुन्या स्प्रिंगा माळ्यावर होत्या, पोत्यात गुंडाळलेल्या. बहिणीनं त्या जपल्या होत्या. गाडी विकताना गिऱ्हाईक मागेल म्हणून.

त्या रात्री सोप्यात बैठक झाली. आजीचं मत जुन्या स्प्रिंगांना. बहिणीचं मत कुत्र्याला. माझं मत कुणी विचारलं नाही, तरी मी ऑलीपासून सुरुवात केली होती. भाच्याला मात्र मार्ग सापडलेला होता: आखूड दांड्याचे, कडक झडपांचे, खास अशाच स्प्रिंगांसाठी केलेले चार शॉकअप. त्यानं मोबाईल दाजींच्या हातात दिला. किंमत स्प्रिंगांच्या दुपटीहून जास्त होती. दाजींनी चष्मा वर केला, आकडा वाचला, शून्यं पुन्हा मोजली.

"म्हंजे ह्यानं गाडी परत वर येणार?"

"न्हाई पप्पा. खालीच राहणार. पण नीट राहणार."

दाजींनी मोबाईल परत दिला.

"मिरचीचा दर निघू दे," ते म्हणाले. "मग बघू."